परत आल्याची नोंद नाही

पुस्तकं हरवतात म्हणजे कुणीतरी ती कोटाच्या आत लपवून नेतं, अशी लोकांची समजूत असते. तसंही होतं. पण तीस-एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं ते असं, की हरवलेली बहुतेक पुस्तकं ग्रंथालयातच असतात. भलत्या कपाटात, भलत्या शेजाऱ्यांच्या रांगेत, पाठ सरळ ठेवून उभी असतात. त्यांना तिथं कुणी उभं केलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

संपादकांनी पत्रात ‘वाचनालयातल्या गमती लिहा’ असं म्हटलं आहे. एक-दोन लिहितो. पण हा लेख मी कबूल केला तो गमतींसाठी नाही, हे आधीच सांगतो.

मी लागलो ते सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात. त्याचं नाव देत नाही. ते आजही चालू आहे, आणि तिथं आज काम करणाऱ्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. मी लागलो तेव्हा सगळा कारभार एका जाडजूड दाखल बुकावर चाले. पुस्तक आलं की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा, नाव लिहायचं आणि जागा असेल त्या कपाटात ठेवायचं. कपाटांवर पाट्या होत्या : धर्म, नाटक, कादंबरी, चरित्र आणि किरकोळ. किरकोळ हे आमचं सगळ्यात मोठं कपाट. त्याच्या पलीकडे ‘परभाषा’ अशी पाटी होती. तेलुगू, कानडी आणि उर्दू अशी सगळी पुस्तकं त्यात उंचीप्रमाणे लावलेली. पूर्व भागात सकाळी चक्कर मारली तर माग चालवणाऱ्यांच्या घराघरांतून तेलुगू ऐकू येई, बाजारात दखनी, अक्कलकोट वेशीकडे कानडी. आणि आमच्याकडे या तिन्ही परभाषा! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुस्तक शोधायचं ते आधीच्या ग्रंथपालांच्या डोक्यात. ते आजारी पडले की वाचनालय आजारी.

आमचे चिटणीस तात्यासाहेब म्हणजे वकील माणूस. ते एकदा कामानिमित्त बडोद्याला गेले, तिथलं ग्रंथालय पाहून आले आणि झपाटले. मला काही आठवडे तिकडे शिकायला पाठवलं. परत आलो तो दशांश पद्धतीची वही आणि लाकडी खणांचा नकाशा घेऊन.

ही पद्धत बाहेरच्या माणसाला सांगायची तर अशी. जगातलं सगळं ज्ञान दहा घरांत वाटायचं, प्रत्येक घराच्या दहा खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीचे दहा कोनाडे. प्रत्येक कोनाड्याला आकडा. पुस्तकाच्या पाठीवर तो आकडा लिहिला की पुस्तक कुठं राहतं ते कळलं. मग त्याची तीन कार्डं करायची : एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. पाच इंच लांब, तीन इंच रुंद. ती खणात अक्षरक्रमानं लावायची आणि खालच्या भोकांतून पितळी सळई ओवायची, म्हणजे वाचकांनी कार्डं उपसू नयेत. पद्धत अमेरिकेतली. त्यामुळं तिच्यात ख्रिस्ती धर्माला मोठं दालन आणि आपले सगळे देव मिळून दोनशे चौऱ्याण्णव या एका कोनाड्यात. आमच्या समितीतले एक शास्त्रीबुवा म्हणाले, “अहो, दाटी होईल.” झालीच.

माझ्या मते विषयाचं कार्ड हेच या धंद्यातलं खरं कौशल्य. पुस्तकाचं नाव माहीत असणारा माणूस कुठूनही पुस्तक काढील. ज्याला नाव माहीत नाही, नुसती अडचण माहीत आहे, त्याला पुस्तक सापडलं पाहिजे.

होटगीचा एक शेतकरी एकदा दारातूनच म्हणाला, “बैल खाईना झालाय. पुस्तक हाय का?”

रांगेतले लोक हसले. मी हसलो नाही. मी ‘गुरे – रोग’ हे कार्ड काढलं, सहाशे छत्तीसमधून पुस्तक आणलं आणि त्याला वाचता येत नव्हतं म्हणून पंधरा मिनिटं वाचून दाखवलं. तो मान हलवत गेला. महिन्याभरानं परत आला.

“काय झालं बैलाचं?”

“बैल ग्येला की.”

“अरेरे.”

“पर पुस्तकात लिव्हल्यालं समदं बराबर हुतं बघा. तस्संच ग्येला.”

दुधनीचे एक कापडवाले शेठ दर महिन्याला येत आणि मागणी एकच करीत, “रडू येईल असं द्या.” त्यांच्यासाठी मी माझ्या खाजगी वहीत एक यादी केली होती. दशांश पद्धतीत रडण्याला आकडा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पूर्व भागातला नरसय्या हा विणकर सोलापुरातल्या मार्शल लॉच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९२९ साली, एक वही घेऊन आला. तेव्हा तो तिशीचा असेल. वही त्याच्या वडिलांची, व्यंकय्यांची. आयुष्यभर त्यांनी काठांच्या नक्ष्या चौकटीच्या रेघा आखून काढून ठेवल्या होत्या, आणि आलाच्या मुळांचा लाल, निळीचा निळा हे जुने रंग कसे करायचे ते तेलुगूत लिहून ठेवलं होतं. घरात वाळवी लागली होती. नरसय्या म्हणाला, “मास्तर, माझ्याकडं राहिली तर माती होईल. हितं कपाटं चांगली हायत. लागंल तवा मी येऊन बघून जाईन.”

मी दाखल बुकात ओळ लिहिली : व्यंकय्या, हस्तलिखित वही, तेलुगू, विणकाम. वही परभाषेच्या कपाटात गेली. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या म्हणून काही दिवसांनी ती मी इतर पुस्तकांबरोबर बांधायला दिली.

आमची पुस्तकं बांधायचे इमामसाब दफ्तरी. दफ्तरी म्हणजे बाइंडर. शाळांची, कचेरीची कामंही त्यांच्याकडेच. हात असा, की पुस्तक बांधून आलं की उघडताना पान कधी कुरकुरायचं नाही. बोलायला मोजके. एकदा मी म्हटलं, “इमामसाब, तुम्हाला एकही पुस्तक वाचता येत नाही आणि सगळं वाचनालय तुमच्या हातून जातं.” ते म्हणाले, “तुम लोगां वाचते, फाडते. मैं नै वाचता, जोडता.”

बांधायला पुस्तक गेलं की बाइंडिंगच्या वहीत लिहायचं. परत आलं की त्यापुढं तारीख टाकून सही करायची. दोन ओळींचं काम.

ज्या दिवशी इमामसाब गठ्ठा घेऊन आले त्या दिवशी माझ्यासमोर कार्डांचा डोंगर होता. समितीची सभा जवळ आली होती आणि सभेआधी सगळे खण भरायचे असं मी छातीठोक सांगून बसलो होतो. मी मान वर न करता म्हणालो, “ठेवा तिथं.”

“गिनको लेव साहेब. चौदा हैं.”

“घेतो, घेतो.”

ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मी मोजली नाहीत. सही केली नाही. गठ्ठा सोडून पुस्तकं कार्डांच्या ढिगात मिसळली. तेरा पुस्तकांवर छापील नावं होती, त्यामुळं ती आपोआप ओळखू आली आणि मागाहून त्यांच्यापुढं सह्या झाल्या. व्यंकय्यांच्या वहीवर काहीच नव्हतं. खाल्लेल्या कडा कापताना आमचा क्रमांकाचा कागद निघून गेला होता, आणि नवा पुठ्ठा लाल कापडाचा, इतर शेकडो पुस्तकांसारखा. मी ती उघडली. पहिल्या पानावर गणपती काढलेला, पुढं आठ-दहा पानं तेलुगू पद्य. मला तेलुगू येत नाही. शेजारच्या वाचनकक्षात त्या वेळी तेलुगू येणारे निदान दहा जण वर्तमानपत्रं वाचत बसले होते. उठून एकाला विचारायला दोन मिनिटं लागली असती.

मी विचारलं नाही. पुढची पानं उलटली नाहीत. नवा दाखल क्रमांक दिला, कार्डावर लिहिलं : स्तोत्रसंग्रह, तेलुगू, हस्तलिखित, कर्ता अज्ञात. दोनशे चौऱ्याण्णव. आणि व्यंकय्यांची वही देवांच्या दाटीत जाऊन उभी राहिली.

सभा छान झाली. खण ओढून पाहताना समितीचे लोक लहान मुलांसारखे हसत होते. तात्यासाहेबांनी माझी पाठ थोपटली.

दोन-अडीच महिन्यांनी नरसय्या आला. एका प्रदर्शनासाठी त्याला वडिलांची एक जुनी किनार विणायची होती. ती किनार फक्त वहीत होती. मी विणकामाचा कोनाडा पाहिला, रंगकामाचा पाहिला, परभाषेचं कपाट रिकामं करून पाहिलं. तीन दिवस शोधलं. मग बाइंडिंगची वही काढली, तर त्या एका ओळीपुढं जागा कोरी.

तात्यासाहेबांनी इमामसाबना बोलावलं. खोलीत आम्ही चौघे होतो. नरसय्या दाराशी उभा.

“इमामसाब, वही कुठं आहे?”

“दिया ना साहेब. चौदा किताबां एक गठ्ठे में बांदको लाया. वो बी थी. लाल कपडा लगाको दिया.”

“कुणाच्या हातात दिली?”

इमामसाबनी माझ्याकडं बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. “टेबल पो रक्खा. साहेब बोले, ठेवा. मैं बोल्या, गिनको लेव.”

तात्यासाहेब माझ्याकडं वळले. “काय हो भाऊराव? आली होती परत?”

त्या क्षणी मला आठवत होतं. गठ्ठा आठवत होता, ‘गिनको लेव’ आठवत होतं, मोजला नाही हे आठवत होतं. त्यात वही होती की नव्हती हे माहीत नव्हतं, पण ‘मी मोजलं नाही’ एवढं खरं मला माहीत होतं. मी बाइंडिंगची वही त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, “परत आल्याची नोंद नाही.”

“नोंद करता कौन साहेब?” इमामसाब म्हणाले. आवाज चढवला नाही.

“ते तुम्ही शिकवू नका,” तात्यासाहेब म्हणाले. “मी कागदाप्रमाणं चालतो.”

नरसय्या दारातून माझ्याशी बोलला, इमामसाबशी नाही. “घरात वाळवी खाती म्हणून हितं आणली की मास्तर. हितली वाळवी डोळ्यास्नी दिसत बी न्हाय.”

वाचनालयाचं काम इमामसाबकडून गेलं. दाखल बुकाच्या शेऱ्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : दफ्तऱ्याकडून गहाळ. पुढं गावानं आपलं आपण ठरवलं, की त्यांनी ती वही कुणा रंगाऱ्याला दिली. शाळांनी काम बंद केलं, मग कचेरीनं. ज्यांच्या शेजारी वीस वर्षं दुकान होतं ते लोक त्यांच्या दुकानाकडं न पाहता जाऊ लागले. हे मी पाहत होतो, कारण माझा घरी जायचा रस्ता तोच होता. पुढं मी रस्ता बदलला.

वही सापडली ती पुढच्या वर्षीच्या झडतीत. झडती म्हणजे वर्षातून एकदा वाचनालय बंद ठेवून प्रत्येक पुस्तक कार्डाशी ताडून पाहायचं. दुपारची वेळ होती. मी एकटाच दोनशे चौऱ्याण्णवसमोर स्टुलावर बसलो होतो. धूळ झटकताना लाल पुस्तक हातातून सुटलं आणि मधोमध उघडं पडलं. दोन्ही पानांवर चौकटी, चौकटींत ठिपके, आणि ठिपक्यांतून उमटलेली एक किनार. कोयऱ्या आणि मधून चालणारे मोर. बांधणी अशी होती की वही जमिनीवर सपाट उघडी राहिली. एक पान हललं नाही.

मला काय करायला हवं होतं हे सांगायला नको. मी काय केलं ते सांगतो. स्तोत्रसंग्रहाची तिन्ही कार्डं सळई काढून बाहेर घेतली आणि फाडली. नव्या दाखल क्रमांकापुढं ‘रद्द’ लिहिलं. मग तात्यासाहेबांकडं जाऊन म्हणालो, “ती तेलुगू वही सापडली. परभाषेच्या कपाटामागं पडली होती.”

ते आनंदले. मग भुवई उंचावून म्हणाले, “कपाटामागं? ते तर आपण ओढून पाहिलं होतं. त्यानंच आणून टाकली असणार. घाबरला असेल.”

मी दाखल बुक उघडून शेऱ्याशेजारी ‘पुढे मिळाली’ असं लिहिलं.

त्या वेळी माझ्या मनात एक युक्तिवाद तयार होता आणि तो पुष्कळ वर्षं पुरला. समितीत दाखल बुकवाल्यांचा एक गट होता. ते म्हणत, ही कार्डं म्हणजे नसतं खूळ. पंढरपूर, बार्शीकडून लोक आमचे खण पाहायला येत होते. पद्धतीतूनच वही हरवली असं कळलं असतं तर सगळं गुंडाळलं गेलं असतं. म्हणजे मी गप्प बसलो ते पद्धतीसाठी. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की खरं वाटू लागलं. वास्तविक पद्धतीचा काहीच दोष नव्हता. तिनं मला फक्त पुस्तक शेवटपर्यंत उलटून पाहायला सांगितलं होतं.

नरसय्याला वही दाखवली तेव्हा तो तिच्यावरून हात फिरवत बसला. प्रदर्शन होऊन गेलं होतं. जाताना म्हणाला, “बांधलीया मात्र झकास. चोरानं बांधली म्हणून कुणी म्हणनार न्हाय.” आणि वही घेऊन गेला. पुन्हा वाचनालयात ठेवली नाही.

सहा-सात वर्षांनी इमामसाब मला होटगी स्टेशनावर भेटले. मी विजापूरच्या गाडीची वाट पाहत होतो. ते रेल्वेत असलेल्या भावाकडं राहायला गेले होते आणि मिठाईवाल्यांसाठी पुठ्ठ्याचे डबे करीत होते. हातात डब्यांची चवड होती. दोरी अशी आवळलेली की एकही डबा चेपला नव्हता.

“सलाम साहेब. कार्डां कैसे हैं?”

“बरी आहेत.”

“हौ?”

“हो. वाढली आता. खण आणखी करावे लागले.”

“अच्छा है.”

गाडीला अर्धा तास होता. आम्ही एका बाकावर बसलो. त्यांनी घरच्यांची चौकशी केली, मी केली. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा पाण्याबद्दल बोललो, एकदा डब्यांच्या पुठ्ठ्याबद्दल, एकदा काहीच नाही. गाडी आली. त्यांनी माझी पिशवी आत दिली. त्यानंतर ते फार वर्षं जगले नाहीत, असं कानावर आलं.

गेल्या वर्षी मी वाचनालयात गेलो आणि जुनं दाखल बुक पाहायला मागितलं. हल्लीचे ग्रंथपाल सज्जन आहेत. त्यांनी माळ्यावरून काढवून आणलं. माझं अक्षर अजून सुवाच्य होतं : दफ्तऱ्याकडून गहाळ. आणि शेजारी, पुढच्या वर्षीच्या शाईत : पुढे मिळाली. मी पेन काढलं तसे ते संकोचून म्हणाले, “काका, तपासून झालेल्या जुन्या नोंदीत काही लिहिता येत नाही. मलाही नाही.” त्यांचं बरोबर होतं. हा नियम मीच त्यांच्या आधीच्यांना घालून दिला होता.

म्हणून हे इथं लिहिलं. पाठवण्याआधी इमामसाबच्या मुलीला वाचून दाखवावं असं वाटलं. हमीदाबी सोलापुरातच असतात, साठीच्या आहेत. दारात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मी कोण ते सांगितलं. “वाचा,” म्हणाल्या. कात्रीनं पानं कापत त्यांनी सगळं ऐकलं. तात्यासाहेबांच्या खोलीतला मजकूर आला तेव्हा कात्री थांबली. मग पुन्हा चालू झाली.

वाचून संपल्यावर म्हणाल्या, “माफी मागने को आये क्या?”

“हो.”

“वो होटगी के टेसन पो मागने की थी. मेरे पास नक्को मागू. मेरी नै है वो, मैं कैसे देऊं?”

मी कागद घडी करू लागलो. त्यांनी कात्रीनंच थांबायची खूण केली.

“अब्बा का नाम क्या लिक्खे?”

“इमामसाब. इमामसाब दफ्तरी.”

“बस?” त्यांना पहिल्यांदाच राग आला. “इमामसाब कित्ते हैं मालूम है? हमारी गल्ली में तीन हैं. दफ्तरी बी दूसरे थे एक. लोगां को कैसा समजिंगा, कौनसा इमामसाब चोर नै था?”

एका नावाची दोन माणसं असली की वडिलांचं नाव आणि गाव लिहून ती वेगळी करायची, हे मी उभा जन्म केलं होतं. दारातल्या पायरीवर बसून मी पेन उघडलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

शेख इमामसाब वल्द मौलासाब, बाइंडर, राहणार सोलापूर, मागाहून होटगी. व्यंकय्यांची विणकामाची वही त्यांनी उत्तम बांधली आणि परत आणून दिली. ती त्या दिवशी माझ्या टेबलावर होती. मोजून घ्यायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.